पायबंद नसलेलं रान

‘पायबंद’ हा शब्द आपण रोज वापरतो. लाचखोरीला पायबंद, उधळपट्टीला पायबंद, वाढत्या महागाईला पायबंद. वर्तमानपत्र उघडलं की कुठल्या ना कुठल्या मथळ्यात तो भेटतोच. पण हा शब्द मुळात घोड्याच्या पायातला आहे, हे आता फार थोड्यांच्या ध्यानात असतं. घोडा रात्री लांब जाऊ नये म्हणून त्याच्या पायांना जो दोर बांधायचा, तो पायबंद. शब्द फार्सी. लगाम, जीन, रिकीब, नाल, तोबरा, मेख, चाबूक, पागा, तबेला ही सगळी मंडळी त्याच्याच बरोबरीनं फार्सी-अरबीतून आली आणि मराठीत अशी मुरली की परकी वाटेनात. अगाडी, पिछाडी आणि दावण हे आपले इथलेच. घोडा रस्त्यावरून गेला, पण त्याचं सामान आपल्या बोलण्यात राहिलं. आपण अजून अगाडी-पिछाडी सांभाळतो, अजून कुणाला तरी लगाम घालतो.

मला या शब्दांचं थोडं जास्त अगत्य आहे, कारण आमच्या घरातला धंदा नालबंदीचा. आजोबा आठवडी बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसत. बैलांना पत्री मारायची, टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचे. बैलाला दोरानं पाडावं लागे; घोडा मात्र उभाच असे. आजोबा त्याचा पाय आपल्या मांडीवर घेत आणि काम संपेपर्यंत त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहत. पुढे टांगे गेले, ट्रॅक्टर आले आणि धंदा बसला. वडिलांनी नोकरी धरली, मी कवितेच्या नादी लागलो. हत्यारं गेली, शब्द तेवढे माझ्या वाट्याला आले.

हे सगळं सांगायचं कारण असं की २०२३च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत मुलीकडे गेलो होतो. ती आयडाहो राज्यात बॉइसी या गावी राहते. तिच्या ओळखीचं एक साठीतलं जोडपं आहे. त्यांच्याकडे तीन घोडे आणि एक खेचर. दर उन्हाळ्यात ते जनावरं ट्रेलरमध्ये चढवतात आणि शेजारच्या ऑरिगॉन राज्यातल्या डोंगरात मुक्कामाला जातात. मुलगी म्हणाली, “अब्बा, तुम्ही नालबंदांचे नातू. चला की!” मग काय, निघालो.

आम्ही गेलो तो भाग ऑरिगॉनच्या ईशान्य कोपऱ्यातला. वलावा नावाचे डोंगर आहेत. त्यांतून लॉस्टिन नावाची नदी खाली येते. बर्फाचं पाणी, तळातले गोटे मोजता येतील इतकं नितळ. नदीच्या कडेकडेनं खडीचा रस्ता वर चढत जातो. वाटेत वनखात्यानं राखलेल्या मुक्कामाच्या जागा आहेत. रस्ता जिथं संपतो, त्या ठिकाणाला ‘टू पॅन’ म्हणतात. तिथून पुढे फक्त पायवाटा. कारण तिथून पुढे ‘ईगल कॅप वाइल्डरनेस’ सुरू होतं. साडेतीन लाख एकरांहून मोठं रान. त्यात मोटार नाही, मोटारसायकल नाही, इतकंच काय, साधी सायकलही नाही. माणसानं चालत जावं, नाहीतर घोड्यावरून.

‘वाइल्डरनेस’ला आपल्याकडे नेमका शब्द नाही. अरण्य म्हणावं तर ते नुसतं झाडांचं होतं, अभयारण्य म्हणावं तर ते प्राण्यांसाठी राखलेलं असतं. अमेरिकेत हा कायद्यातला शब्द आहे. ३ सप्टेंबर १९६४ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्या कायद्यावर सही केली. सुरुवातीला ५४ क्षेत्रं आणि सुमारे ९१ लाख एकर जमीन त्याखाली आली. आज अशी ८००हून अधिक क्षेत्रं आहेत आणि जमीन ११ कोटी एकरांच्या वर गेली आहे. आम्ही पाहिलेलं ईगल कॅप हे पहिल्या ५४ पैकी एक.

या कायद्याचा मसुदा हॉवर्ड झानायझर नावाच्या गृहस्थांनी लिहिला. ते ‘वाइल्डरनेस सोसायटी’ या संस्थेचं काम पाहत. १९५६ साली पहिलं विधेयक मांडलं गेलं. पुढची आठ वर्षं सुनावण्या चालल्या, मसुदा ६६ वेळा पुन्हा लिहिला गेला. आणि सही व्हायच्या चार महिने आधी, मे १९६४ मध्ये, झानायझर वारले. कायदा झालेला त्यांना पाहायला मिळाला नाही.

पण मला खरं अप्रूप वाटलं ते त्यांनी निवडलेल्या एका शब्दाचं. हे रान कसं असावं, तर ‘अनट्रॅमल्ड’ असावं, असं कायद्याच्या व्याख्येत म्हटलं आहे. पुष्कळ लोक तो शब्द चुकून ‘अनट्रॅम्पल्ड’ असा वाचतात, म्हणजे न तुडवलेलं. झानायझर यांच्या सहकाऱ्यांनाही हा शब्द अवघड वाटला होता. त्यांनी तो सोडला नाही. आता हा ‘ट्रॅमल’ म्हणजे काय? इंग्रजी कोशात पाहिलं तर एक अर्थ मासे धरायचं जाळं, आणि दुसरा अर्थ, घोड्यानं ठरावीक चालीनं चालावं म्हणून त्याच्या पायांना बांधायचा दोर. वाचलं आणि मी मुलीला म्हटलं, अगं, हा तर आपला पायबंद! ज्या रानाला माणसानं पायबंद घातलेला नाही, ते वाइल्डरनेस. म्हणजे पाऊल टाकू नका असं कायदा म्हणत नाही. पाऊल टाका, घोडा न्या, पण त्या रानानं कुठल्या चालीनं चालायचं ते तुम्ही ठरवू नका, असं म्हणतो. नदीला बांध नको, वाटेला डांबर नको, मुक्कामाला इमारत नको. माणूस तिथला पाहुणा, कायमचा राहणारा नव्हे, असंही त्यात स्पष्ट केलं आहे. वनखात्याच्या माणसांनासुद्धा वाटेवर पडलेलं झाड कापायचं तर यांत्रिक करवत वापरायची सहसा मुभा नाही. दोघांनी दोन बाजूंनी ओढायची जुनी करवत खेचरावर लादून न्यायची आणि घाम गाळायचा.

आता तुम्ही विचाराल, रानाला पायबंद नसला तरी घोड्यांना घालावाच लागत असेल ना? लागतो. आणि घोड्यांबरोबर मुक्काम करण्यातली खरी विद्या तीच आहे.

घोडा हा भित्रा प्राणी. गवत खाणारा, वाघ-सिंहांचं भक्ष्य असलेला. संकट आलं की लढण्याआधी तो पळतो. अनोळखी जागी, रात्री, अस्वलाचा वास आला की तो दोर तोडून मैलोन् मैल जाईल. म्हणून त्याला बांधायचं. सरळ झाडाला बांधावं, तर घोडा कंटाळतो आणि पुढच्या पायानं जमीन उकरतो. एका रात्रीत झाडाची मुळं उघडी पडतात. दोर घासून साल निघते. झाडाची साल सगळीकडून निघाली की झाड मेलंच. त्यासाठी या लोकांनी एक युक्ती ठेवली आहे. दोन जाड झाडांना आधी रुंद पट्टे गुंडाळायचे, म्हणजे साल सोलत नाही. त्या पट्ट्यांना, माणसाच्या डोक्याच्या वर, एक दोर ताठ ताणायचा. त्या आडव्या दोराला अंतरा-अंतरानं घोडे बांधायचे, तेही झाडांपासून दूर, टणक कोरड्या जमिनीवर. मी पाहिलं आणि म्हटलं, ही तर दावण! फरक इतकाच, की आपली दावण जमिनीलगत मेखा ठोकून असते, यांची डोक्यावर असते. वर असल्यामुळे पाय अडकत नाही.

चरायला सोडायचं तर पुढच्या दोन पायांना चामड्याचा पायबंद घालतात. घोडा छोट्या छोट्या उड्या मारत चरतो, पण लांब जात नाही. काही जण बॅटरीवर चालणारं हलकं विजेचं कुंपण लावतात. कुठलाही उपाय आयत्या वेळी करून चालत नाही. घरी अंगणात महिनाभर सवय करून मगच रानात आणायचं. पायबंदाची सवय नसलेला घोडा घाबरून स्वतःलाच इजा करून घेतो.

दुसरी गोष्ट चाऱ्याची. साधारण साडेचारशे-पाचशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो सुकं गवत लागतं आणि वीस ते चाळीस लिटर पाणी. हे गवत कुठलंही चालत नाही. ऑरिगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या राष्ट्रीय वनांत तणांच्या बियांपासून मुक्त असल्याचं प्रमाणपत्र असलेलाच चारा, नाहीतर कारखान्यात दाबून केलेल्या गोळ्या, नेता येतात. कारण असं, की बाहेरून आलेल्या तणाचं बी घोड्याच्या पोटातून सुखरूप बाहेर पडतं आणि लिदीबरोबर रानात रुजतं. एका घोड्याच्या लिदीतून सबंध खोऱ्याचं गवत बदलू शकतं. म्हणून जाणती माणसं निघायच्या काही दिवस आधीपासूनच घोड्याला हा स्वच्छ चारा सुरू करतात. पोट साफ करूनच घोडा पाहुणा जातो म्हणा ना!

पाणी पाजायचं तर नदीकाठी खडकाळ जागा बघून. मऊ काठावर चार टापा पडल्या की काठ ढासळतो. घोडे बांधायची जागा पाण्यापासून निदान दोनशे फूट दूर. निघताना लीद गोळा करायची किंवा दूर विखरायची, उकरलेले खड्डे बुजवायचे, सांडलेलं गवत उचलायचं. आमच्या यजमानीणबाई शेवटच्या दिवशी सकाळी हातात दाताळं घेऊन तासभर हेच काम करत होत्या. मी मदत केली. अमेरिकेत जाऊन काय केलंत, असं कुणी विचारलं तर सांगतो, लीद भरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही टू पॅनहून वर निघालो. वाटेच्या तोंडाशी एक पेटी असते. तिच्यातला परवाना आपला आपणच भरायचा, फुकट असतो. खेचरावर सामान लादायचं काम पाहण्यासारखं होतं. दोन बाजूंना दोन पेट्या. प्रत्येक पेटी काट्यावर तोलून दोन्हीकडचं वजन सारखं करायचं. अगदी थोडा फरक असला तरी एका बाजूला खोगीर घसरतं आणि जनावराची पाठ सोलवटते. शेवटी एका बाजूला थोडं कमी भरलं, तेव्हा यजमानांनी नदीतला एक गोटा त्यात टाकला. वंजाऱ्यांच्या तांड्यात बैलांवर गोणी लादणाऱ्यांनी हेच केलं असतं.

वाटेवरही एक शिस्त आहे. समोरून घोडा आला की पायी चालणाऱ्यानं बाजूला व्हायचं आणि उताराच्या बाजूला, म्हणजे घोड्याच्या खाली उभं राहायचं. कारण भक्ष्य असलेल्या प्राण्याला भीती वरून झेप घेणाऱ्याची. आणि गप्प राहायचं नाही, काहीतरी बोलायचं. पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेला माणूस घोड्याला कुठलं तरी विचित्र जनावर वाटतो. तो बोलला की घोड्याची खात्री पटते, हा माणूसच. हे ऐकलं आणि नाल ठोकताना आजोबा का बोलत राहायचे, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

वर जाताना वाट सगळी गारगोटीसारख्या कडक ग्रॅनाइटची. एकदा माझ्या घोडीच्या पुढच्या पायाचा आवाज बदलला. नाल ढिला झाला की ‘टक’च्या जागी ‘टक-चिक’ होतं. मी सांगितलं, यजमान उतरले, पाहिलं, दोन खिळे सैल झाले होते. खुराच्या बाहेरच्या भिंतीला संवेदना नसते, खिळा तिथंच बसला पाहिजे. जरा आत गेला की घोडा लंगडा होतो. त्यांनी खिळे आवळले. नालाच्या जागी घालायचा रबरी बूटही त्यांच्या पडशीत तयार होता. माझ्याकडे मात्र ते जरा आदरानं पाहू लागले. ती सगळी कमाई आजोबांची.

रात्री नदीचा आवाज सतत असतो. त्यात मधूनच घोड्याचं फुरफुरणं, गवत चावल्याचा आवाज. घोडा उभ्यानं झोपू शकतो. त्याच्या पायांतले सांधे स्नायूंना फारसे श्रम न पडता कुलूप लावल्यासारखे अडकून राहतात. गाढ झोपेसाठी मात्र तो आडवा होतो, तोही थोडाच वेळ आणि सुरक्षित वाटलं तरच. सकाळी घोड्याच्या अंगाला माती लागलेली दिसली, की यजमानीणबाई खूश होत. म्हणत, त्याला इथं घरच्यासारखं वाटलं.

इथं कुणाला घरच्यासारखं वाटावं, हा प्रश्न या डोंगरात सोपा नाही. परतीच्या वाटेवर आम्ही वलावा सरोवराच्या काठी थांबलो. तिथं एक कबर आहे. निमीपू, म्हणजे बाहेरचे लोक ज्यांना नेझ पर्स म्हणतात, त्या लोकांच्या एका जुन्या प्रमुखाची. इंग्रजीत त्याला ‘थोरला जोसेफ’ म्हणतात. तो १८७१ साली वारला. त्याचे अवशेष १९२६ साली इथं आणून पुरले. हे सगळं खोरं त्याच्या लोकांचं. आणि हे लोक म्हणजे घोड्यांचे जाणकार. घोडा मूळचा उत्तर अमेरिकेचाच, पण हजारो वर्षांपूर्वी तिथून नाहीसा झाला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो पुन्हा आणला आणि अठराव्या शतकात तो निमीपूंपर्यंत पोचला. त्यांनी उत्तम नर निवडून पैदास केली. १८०६ साली तिथून जाणाऱ्या लुइस आणि क्लार्क यांच्या तुकडीतल्या लुइसनं आपल्या रोजनिशीत या घोड्यांची तारीफ लिहून ठेवली आहे. अंगावर ठिपके असलेली ‘अ‍ॅपलूसा’ ही जात आज त्यांच्याच नावाशी जोडली जाते.

१८५५च्या तहात वलावा खोरं या लोकांकडे राहिलं. मग सोनं सापडलं. १८६३च्या दुसऱ्या तहात त्यांच्या जमिनीचा सुमारे नऊदशांश भाग काढून घेतला. थोरल्या जोसेफनं त्या तहावर सही केली नाही. १८७७ मध्ये सैन्यानं त्याच्या मुलाला, म्हणजे धाकट्या जोसेफला, ३० दिवसांत खोरं सोडायला सांगितलं. पुराच्या पाण्यातून माणसं आणि जनावरं नदीपार न्यावी लागली. पुढे लढाई पेटली. साडेसातशेच्या आसपास माणसं, त्यांत बायकामुलं आणि म्हातारे, आणि दोन हजारांवर घोडे घेऊन हे लोक सैन्याला हुलकावण्या देत सुमारे १,१७० मैल गेले. ५ ऑक्टोबर १८७७ रोजी, कॅनडाची सरहद्द अवघी ४० मैलांवर असताना, त्यांना शरण जावं लागलं. घोडे काढून घेतले गेले. माणसं कॅन्सस आणि पुढे ओक्लाहोमाच्या मुलखात नेली गेली. १८८५ साली त्यांना वायव्येकडे परतायला मिळालं, पण जोसेफला वलावात राहू दिलं नाही. तो १९०४ साली वॉशिंग्टन राज्यातल्या दुसऱ्याच राखीव भूमीत वारला.

हे कळल्यावर कायद्यातलं ते वाक्य मला पहिल्यासारखं वाचता येईना. माणूस इथं पाहुणा, राहणारा नव्हे. पण इथं राहणारी माणसं होती. त्यांच्या पायांना बेड्या घालून ती नेली, आणि मग सत्त्याऐंशी वर्षांनी रानाचा पायबंद काढला. झानायझर यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तो कायदा नसता तर त्या नदीकाठी आज हॉटेलांची रांग असती. पण ‘मोकळं रान’ म्हणताना ते मोकळं कसं झालं, हेही सांगायला हवं. आमच्या यजमानांना मी हे बोललो. ते आधी गप्प राहिले, मग म्हणाले, “आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं.”

आपल्याकडे माथेरानला मोटारींना बंदी आहे. २००३ साली तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. तिथंही लाल मातीच्या वाटा, लीद, घोडे आणि घोड्यांवर पोट असलेली माणसं. २०२२च्या अखेरीला तिथं ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या आणि वाद सुरू झाला. कुणाची बाजू घ्यायची, हा आजचा विषय नाही. मला इतकंच वाटतं, की माती राखायची म्हटली तर घोड्याची दावण कुठं असावी, त्याला चारा कुठला, लीद कुणी उचलायची, याचे लहानलहान नियम आधी बसवावे लागतात. आणि ते बसवताना घोडेवाल्याला विचारावं लागतं. ज्याचं आयुष्य त्या वाटेवर गेलं, त्याला वगळून रान राखता येत नाही.

वलावाची गोष्ट १९०४ साली संपली नाही. २०२० साली नेझ पर्स लोकांच्या पंचायतीनं जोसेफ गावाजवळची १४८ एकर जमीन विकत घेतली. होय, आपल्याच पूर्वजांची जमीन बाजारभावानं विकत घेतली. २०२१च्या उन्हाळ्यात ते त्या जमिनीवर परत आले, तेव्हा मोटारीतून उतरून चालत जाता आलं असतं. ते घोड्यांवर बसून आले. आजोबांच्या आणि पणजोबांच्या आठवणींवर वाढलेली मुलं आपल्या खोऱ्यात घोड्यावरून शिरली. आता त्या भागात कुणी गेलं, तर सरोवराकाठची ती कबर पाहावी, मग नदीकाठी मुक्काम करावा आणि निघताना आपली जागा झाडून घ्यावी.